दुष्काळात फुगलेली सेक्रेटरीण

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात माणसं वाळली, म्हशी वाळल्या, विहिरी तर आदल्या दिवाळीलाच वाळल्या होत्या. मी एकटी फुगत चालले होते. पोस्टात किंवा शाळेत कामाला असते तर कुणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण मी गावच्या महिला दूध संस्थेची सेक्रेटरी होते. दुधाच्या कॅनपाशी बसणारी बाई भर दुष्काळात जाड होतेय म्हटल्यावर त्याचं कारण शोधायला लोकांना लांब जावं लागत नाही.

बांगड्या साबण लावूनही निघेनात. वडवणीच्या बाजारात आमचा ठरलेला शिंपी होता, म्हातारा मुसलमान माणूस, फार अदबीचा. त्यानं माझी ब्लाउजं एकदा उसवून सैल केली, पुन्हा केली, आणि त्यानंतर हात जोडून म्हणाला की भाभी, आता आत कापडच शिल्लक नाही, पुढचं पाऊस पडल्यावर बघू. पावसाचा आणि ब्लाउजाचा काय संबंध ते मला कळलं नाही. पण त्या वर्षी सगळंच पावसावर ढकललं जायचं, मीही ढकललं.

बरं, खात होते म्हणावं तर तेही नाही. सकाळी चतकोर भाकरी, संध्याकाळी फार तर अर्धी. भूकच नव्हती. अंगात मात्र थंडी भरलेली. मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडं कुत्री रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडतात, तेव्हा मी ओट्यावर गोधडी पांघरून बसायचे. माप हातात धरून मला डुलकी लागायची. आवाज इतका घोगरा झाला होता की शीतकरण केंद्रातला माणूस फोनवर मला रोज 'दादा' म्हणायचा, आणि सेक्रेटरीबाईंना बोलवा म्हणायचा. मी फोन बाजूला धरून थोडं थांबायचे आणि मग त्याच आवाजात 'बोला' म्हणायचे.

गावात उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी म्हणे मी सायीत भाकरी कुस्करून खाते. कुणी म्हणे घरी खवा आटवते. सकाळी उठल्यावर माझं तोंड सुजून तुकतुकीत दिसायचं, तर एकीनं शोध लावला की मी तोंडाला लोणी चोळते. सगळ्यात वाईट म्हणजे माझ्या सासूला भलतीच आशा लागली. माझी लेकरं हायस्कुलात होती, तरी ती हळूच विचारून गेली की आंबट खावंसं वाटतंय का. नाही म्हटल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता ही सेक्रेटरीची खुर्ची मला का इतकी लागून राहिली होती, ते सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाच्या उगवतीला. संस्था निघाली तेव्हा दहावी झालेली आणि लॅक्टोमीटर वाचायला शिकायला तयार असलेली बाई गावात मी एकटीच निघाली, म्हणून किल्ली माझ्या कमरेला आली. दूध आमच्या वस्तीतलं असो की वेशीच्या आतलं, एकाच कॅनमध्ये ओतलं जायचं, आणि त्याला कुणाची हरकत नव्हती. मात्र त्याच दुधाचा चहा मी घरी केला, तर तो प्यायला वेशीच्या आतली एक बाई येत नव्हती. भांडण नव्हतं, कुणी वाईट बोलत नव्हतं. सगळ्यांचं आपलं नुकतंच कुठंतरी पोटभर झालेलं असायचं. मी हे जाणून होते आणि मला त्याचा राग यायचा, पण किल्ली कमरेला असली की राग गिळता येतो. ती किल्ली जाऊ द्यायची नाही, एवढं मी मनाशी धरून होते. नवरा वडवणीला शाळेत शिपाई. तो म्हणायचा, सोडून दे, कटकट मिटंल. मी त्याला सांगितलं होतं की सोडायची असेल तर तू तुझी घंटा सोड.

संस्थेच्या अध्यक्ष होत्या गावातल्या मोठ्या घरच्या एक बाई. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील, अंगानं काटकुळ्या, डोळे मोठे आणि बाहेर आल्यासारखे, चालणं असं की मागून कुणीतरी काठी घेऊन येतंय. माझी सासू एकेकाळी त्यांच्या शेतात खुरपायला जायची, अजूनही त्यांना बघितलं की पदर सावरायची. या बाईंचं आणि माझं जमायचं नाही, आणि त्याला कारण माझाच एक नियम होता.

दूध संस्थेत कुणाचं दूध पातळ लागलं की तो माणूस शपथा घेतो. म्हैसच तशी, चाराच तसा, वारंच तसं. मी त्यावर इलाज काढला. ज्याचं दूध पातळ, त्याच्या गोठ्यात आम्ही जाऊन बसायचं, समोर धार काढायला लावायची आणि तिथंच नमुना घ्यायचा. समोर काढलेलं दूध घट्ट निघालं, तर पाणी म्हशीनं घातलेलं नाही हे उघड होतं. बायका याला 'समोरची धार' म्हणायच्या आणि माझ्या नावानं बोटं मोडायच्या. पहिली समोरची धार मी अध्यक्षीणबाईंच्याच गोठ्यात घेतली. म्हैस निर्दोष सुटली. घरातलं कुणीतरी नाही सुटलं, आणि आठवडाभर त्यांचं दूध परत गेलं. ते त्या विसरल्या नव्हत्या.

तर मे महिन्याच्या बैठकीत एका सदस्यबाईनं विषय काढला. तिची सून बारावी झालेली होती आणि तिला माझी खुर्ची हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ती म्हणाली, मापातून रोज नमुन्याचं दूध उरतं, ते जातं कुठं? मी म्हटलं, शेवटी कॅनमध्येच ओततात, तुमच्या डोळ्यांदेखत. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याला वेळही जरा जास्तच लागला. बाकीच्या बायका पदराआड हसल्या.

तेव्हा अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "मग समोरची धार घ्या की. म्हशीला लागू हाय त्यो नियम सेक्रेटरीला न्हाई कावून?"

म्हणजे असं की आठवडाभर मी जेवायला बसले की समोर कमिटीच्या बाईनं बसायचं, मी काय खाते ते बघायचं, तोलायचं, आणि वजनही करायचं. खाणं कमी आणि वजन वाढतंय असं दिसलं, तर सेक्रेटरी चोरून खाते हे सिद्ध. जूनच्या सर्वसाधारण सभेत सांगायचं, आणि सभा म्हणेल तिला किल्ली. असली तपासणी जगात कुठल्याही संस्थेत झाली नसेल. शहाण्या बाईनं तिथंच कानावर हात ठेवले असते. पण माझं डोकं फिरलं आणि मी म्हटलं, या, उद्यापासूनच या, बघा काय बघायचं ते. नियम माझा होता ना. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला तो असा.

सुरुवात छावणीच्या काट्यावर झाली. गावाबाहेर जनावरांची छावणी लागली होती, तिथं उसाचे वाढे आणि पेंड तोलायचा मोठा काटा होता. मला त्यावर उभं केलं. छावणीतल्या म्हशींनी रवंथ थांबवून बघितलं, माणसांचं तर विचारूच नका. मी भांडले की एकाच जनावराचं वजन करून काही कळत नाही, जोडीला दुसरं लागतं. समोरच्या धारेतसुद्धा आपण शेजारची म्हैस बघतो. मग अध्यक्षीणबाई चरफडत काट्यावर चढल्या. त्या चढल्यावर काटा हलला की नाही, यावर थोडा वाद झाला.

मग प्रश्न आला की बसायचं कुणी. कमिटीत बायका पुष्कळ. पण एकीची सून बाळंतीण, एकीचे उपवास चालू, एकीचा पाय दुखत होता आणि नेमका आमच्या वस्तीकडं येणाऱ्या रस्त्यावरच दुखत होता. कुणी स्पष्ट काही बोललं नाही. बोलायची गरज नव्हती, दुसऱ्याच्या घरी चुलीपाशी बसायचं म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. शेवटी सगळ्या अध्यक्षीणबाईंकडं बघायला लागल्या. हा बेत त्यांचा, तेव्हा निस्तरायचा त्यांनीच.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. एका हातात फडक्यात बांधलेल्या स्वतःच्या भाकरी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, त्यावर फुलपात्र उपडं. गावाला पाणी एकाच टँकरचं. त्यांच्या हौदात ओतून झालं की त्याच नळीनं आमच्या बॅरलमध्ये पडायचं. पण ते आमच्या बॅरलमध्ये पडलं की त्याचं काहीतरी होत असावं. त्या उंबऱ्याच्या बाहेर ओट्यावर बसल्या. सासूनं पोतं अंथरलं, त्या त्याच्या कडेला टेकल्या. मी आत चुलीपाशी जेवत होते. संस्थेचा छोटा तराजू मध्ये ठेवलेला. अर्धी भाकरी तोलली, ठेचा तोलला. मी खाल्लं. त्यांनी बघितलं. असं बघत असताना कुणाच्या घशाखाली घास उतरतो?

पण खरी गंमत पुढं झाली. माझं खाणं संपायच्या आत बाईंचं फडकं मोकळं झालं होतं. चार भाकरी होत्या त्यात. एवढीशी बाई एवढं खाते हे बघून मी थक्क झाले, आणि त्याहून थक्क झाले ते घटकाभरानं, कारण त्यांचे हात थरथरायला लागले आणि त्या चुलीकडं बघायला लागल्या. सासू तव्यावर म्हाद्या करत होती. शेंगदाण्याचा कूट, लसूण, लाल तिखट, वरून पाणी, आणि रटरट. आमच्या घरात दुष्काळात दुसरं काही नसलं तरी एवढं असायचं, आणि माझ्या सासूच्या हातचं म्हाद्या म्हणजे मेलेला माणूस ताट मागेल.

त्या दिवशी बाई उठून गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. नंतर एकदा संध्याकाळी सासूनं झाकण काढलं, आणि बाईंनी खाकरून घसा साफ केला.

"नमुना घ्यावा लागंल," त्या म्हणाल्या. "नुसतं बघून काय कळतंय. त्यात तूप हाय का न्हाई, कसं सांगायचं?"

मला हसू आवरेना, सासूला रडू आवरेना. तिनं पितळी घासून घेतली, चतकोर भाकरी आणि चमचाभर म्हाद्या ठेवून उंबऱ्यावरून सरकवली. बाईंनी इकडंतिकडं बघितलं. रस्त्यावर एक शेळी सोडून कुणी नव्हतं. त्यांनी नमुना घेतला. मग म्हणाल्या, पुन्हा एकदा घ्यावा लागेल, पहिल्यात नीट समजलं नाही.

मग तो रिवाजच पडला. नमुना चतकोराचा अर्धा झाला, अर्ध्याची एक भाकरी झाली, एकीच्या तीन-चार झाल्या. शेजारी कुणाची चाहूल लागली की त्या पितळी पदराखाली घ्यायच्या. ताकाला जाऊन गाडगं लपवणं म्हणतात ते मी रोज समोर बघत होते. रस्त्यावरून दिसू नये म्हणून त्या ओट्यावरून उंबऱ्यावर आल्या, उंबऱ्यावरून आत आल्या, आणि आठवड्याच्या शेवटी चुलीपाशी सासूच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. एका दुपारी त्यांचा तांब्या संपला. त्या घामानं निथळत होत्या. मी काही विचारलं नाही, आमच्या बॅरलमधून तांब्या भरून समोर ठेवला. त्यांनी तो एका दमात रिकामा केला आणि मग जरा वेळ तांब्याकडं बघत बसल्या. सासू भाकरी थापत म्हणाली, "नमुना मोठाच घ्यावा, बाई. बारक्या नमुन्यात चूक होती."

आम्हा दोघींचं चित्र कुणी काढलं असतं, तर त्याला वेड्यात काढलं असतं. मी गोधडीत गुंडाळलेली, दात वाजतायत. त्या शेजारी सुपानं वारा घेतायत. मी बोलायला तोंड उघडेपर्यंत त्यांचं बोलून होऊन जायचं. मी बसल्या जागी झोपायचे, त्या सांगायच्या की मला रातभर डोळ्याला डोळा लागत नाही, काळीज धडधड करतंय. मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाल्या, वर्ष झालं. घरी सांगितलं नाही का? तर म्हणाल्या, घरी सगळे म्हणतात हिला खाल्लेलं अंगी लागत नाही, हावरी आहे. जाऊबाई तर भाकरीची टोपली उंच फळीवर ठेवायला लागली होती. एवढ्या मोठ्या घरची बाई भुकेची लाजत होती, आणि मी न खाता चोर ठरत होते. मला त्या वेळी पहिल्यांदा त्यांची दया आली. ती यायला नको होती, कारण त्यांच्या एका शब्दावर माझी किल्ली होती.

आठवडा संपल्यावर पुन्हा काट्यावर गेलो. सगळी कमिटी हजर. मी वाढले होते. अध्यक्षीणबाई घटल्या होत्या. जिनं चिमणीएवढं खाल्लं ती चढली आणि जिनं गड्याएवढं खाल्लं ती उतरली. अर्थात कुणी किती खाल्लं, हे आम्हा तिघींनाच ठाऊक होतं. बायकांनी सांगितलं, काटा बिघडला. मग पेंडीचं पोतं ठेवून बघितलं, बरोबर आलं. सुनेसाठी माझी खुर्ची हवी असलेली ती सदस्यबाई पुढं आली आणि म्हणाली, झालं की सिद्ध, समोर चिमणीवाणी खाती आणि माघारी साय चाटती.

छावणीत जनावरांचे डॉक्टर आले होते, म्हशींना लस टोचायला. ते बाजूला उभं राहून हे सगळं बघत होते. त्यांनी मला विचारलं, थंडी वाजते का, झोप येते का, शौचाला नीट होतं का. सगळ्यांसमोर. मी लाजून मेले. मग बाईंना विचारलं, हात पुढं करा बघू. हात पानासारखे थरथरत होते. डॉक्टर म्हणाले, "मला माणसाला हात लावायची परवानगी न्हाई. तुमी दोघी म्हशी असत्या तर मी आधी गळ्यातली गाठ बघितली असती. बीडला जा, आणि दोघीबी जा." अध्यक्षीणबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याच गोठ्यात बांधलं होतं.

एसटीनं गेलो, एकाच बाकावर. माझ्यामुळं त्यांना जागा कमी पडत होती, पण त्यांना जागा लागतही नव्हती. बीडला डॉक्टरीणबाईंनी दोघींचं रक्त घेतलं, आणि निकाल आल्यावर आम्हाला दोघींना समोर बसवून हसत सुटल्या. म्हणाल्या, तुम्ही दोघींनी अर्धं अर्धं वाटून घेतलं असतं तर दोघी ठीक झाल्या असत्या. गळ्यात एक ग्रंथी असते. तिच्यातून रस रक्तात उतरतो आणि त्या रसाच्या हुकमावर शरीराची चूल जळते. माझ्या ग्रंथीनं काम सोडून दिलं होतं. चूल विझत आलेली, म्हणून थंडी, झोप, भूक नाही, आणि खाल्लेलं थोडंही अंगावर साठतंय, त्यात पाणीही साठतंय. बाईंच्या ग्रंथीला आवरच नव्हता. चूल भडकलेली, कितीही लाकडं घाला, जळून खाक. भूक खरी, पण अंगी काही लागायचं नाही.

मी विचारलं, म्हणजे भूक पोटात नसते? त्या म्हणाल्या, पोट नुसता निरोप्या आहे. रिकामं झालं की ते निरोप पाठवतं, खायला घाला. अंगावरची चरबीसुद्धा निरोप पाठवते, पुरे आता. मेंदू सगळे निरोप ऐकून ठरवतो. मला हे अगदी पटलं. म्हणजे ही आपल्यासारखीच संस्था झाली. तुमच्या रक्तात दिसतंय, डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, मेंदू ओरडून ओरडून दमलाय आणि ग्रंथी ढिम्म आहे. अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, आमच्या संस्थेत बी तसंच हाय. त्यावर मी इतक्या दिवसांनी मोठ्यानं हसले, घोगऱ्या आवाजात, आणि बाहेर बसलेली माणसं डोकावून बघायला लागली.

मला गोळी दिली, रोज सकाळी उपाशी पोटी. लगेच बारीक होशील असं समजू नको, असंही बजावलं, सगळा दोष काही ग्रंथीचा नसतो. बाईंना वेगळी गोळी दिली, चूल मंद करायची. परत येताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बीड मागं पडल्यावर म्हणाल्या, म्हणजे मी हावरी न्हाई तर. मी म्हटलं, न्हाई. त्यांनी डोळे पुसले.

सभा समाज मंदिरासमोरच्या लिंबाखाली भरली. गाव लोटलं होतं. बाईंच्या घरचे झाडून सगळे पुढं बसलेले, जाऊबाईसुद्धा. माझी सासू मागं वस्तीतल्या बायकांत. मी बीडचे कागद दाखवले. ती सदस्यबाई म्हणाली, कागद काय, कुणीबी आणतंय. मग तिनं नियमावर बोट ठेवलं. ती मूर्ख नव्हती. तिनं अध्यक्षीणबाईंना विचारलं की तुम्ही कुठं बसला होता, ओट्यावर की आत? ओट्यावरून ताटात काय आहे ते कळतं का? समोरच्या धारेत नमुना घ्यावा लागतो. नमुना घेतला का? नसेल घेतला तर तपासणी झालीच नाही, संशय तसाच, आणि सेक्रेटरी बदला.

सगळं गाव बाईंकडं बघत होतं. मला कळत होतं काय होणार. 'नाही घेतला' एवढं म्हटलं की त्या सुटल्या. घरात कुणी विचारणार नाही, गावात कुणी बोट दाखवणार नाही. जाईल ती माझी किल्ली. मी त्यांच्या जागी असते, तर मी काय म्हटलं असतं, मला आजही सांगता येत नाही. मी कमरेला हात लावून किल्ली चाचपली, आणि तेवढ्यात त्या उठल्या.

"घेतला," त्या म्हणाल्या. "रोज घेतला. सकाळी बी आणि संध्याकाळी बी. आत चुलीपाशी बसून घेतला. तिनं अर्धी खाल्ली, मी तीन खाल्ल्या. पाणी बी तिच्याच घरचं पेले. साय न्हाई, तूप न्हाई. असतं तर मला सापडलं असतं, मी काय सोडलं न्हाई तिथं."

जाऊबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग मागून, वस्तीतल्या बायकांतून माझी सासू म्हणाली, तीन न्हाई, चार. आणि सगळी सभा हसली. आधी आमच्या बायका, मग वेशीच्या आतल्या, मग ती सदस्यबाईसुद्धा, तोंड फिरवून. किल्ली माझ्याकडंच राहिली.

हे सगळं मी आजवर गंमत म्हणून सांगत आलेय, आणि ती गंमतच होती. एक गोष्ट मात्र मला तेव्हा सतावत होती. आषाढ आला, पाऊसही बरा पडला, गोळी लागू पडली. माझी गोधडी ट्रंकेत गेली, फोनवरचा माणूस मला ताई म्हणायला लागला. बाईंचेही हात थांबले. गालावर मांस आलं. त्यांची भूक माणसासारखी झाली, सासरच्या टोपलीत भागण्याएवढी. आणि त्या आमच्याकडं येईनाशा झाल्या. संस्थेत भेटायच्या, हिशेबावरून भांडायच्या, झालं. मला वाटलं, बरोबर आहे. भूक त्यांना उंबऱ्याच्या आत घेऊन आली होती, आणि भूक डॉक्टरीणबाईंनी काढून घेतली. एका गोळीनं मला बरं केलं, आणि दुसरीनं त्यांना परत वेशीच्या आत नेऊन बसवलं. सासू रोज म्हाद्या करताना एक भाकरी जास्त थापायची. मला त्या भाकरीचा इतका राग यायचा की मी ती म्हशीला घालायचे.

एका संध्याकाळी दूध घालून झाल्यावर बाई माझ्या मागोमाग वस्तीकडं चालत आल्या. दिवस मावळायचा होता, रस्त्यावर माणसं होती, सदस्यबाईची सून पण होती. बाईंच्या हातात तांब्या नव्हता. त्या ओट्यावर न थांबता आत आल्या, चुलीपाशी बसल्या. सासूनं पदर सावरला, मग सावरायचा सोडून दिला, आणि ती जास्तीची भाकरी पितळीत ठेवली. बाईंनी त्यातली चतकोर मोडून घेतली आणि बाकीची परत टोपलीत ठेवली.

"आता भूक न्हाई मला," त्या म्हणाल्या. "तरी आले."

मी तांब्या भरून त्यांच्यासमोर ठेवला.